भंडाऱ्याखालचा आठ

रविवारचे देव घासायला काढले होते. पाच टाक चिंचेच्या पाण्यात भिजत घातलेले, त्यातले दोन घासून पाटावर ठेवले होते आणि तिसरा माझ्या हातात होता. तेवढ्यात पुढून हाक आली.

"सूनबाई, ती इडलीची ताटली दे. मोठी."

चिंचेचे हात तसेच धरून ताटली नेऊन दिली. नाही म्हणून उपयोग नसतो. आमच्या इडलीपात्राच्या तीन ताटल्यांपैकी एक माझी आणि दोन आप्पांच्या. आप्पा बंदूक खोलतात तेव्हा पहिला निघालेला स्क्रू पहिल्या खळग्यात, दुसरा दुसऱ्यात, असं करत जातात आणि परत बसवताना शेवटच्या खळग्यापासून उलट येतात. आजवर एक स्क्रू हरवलेला नाही, असं त्यांचं म्हणणं. इडल्यांना बंदुकीच्या तेलाचा वास यायला लागला तेव्हा मी त्यांच्या दोन ताटल्यांवर नेलपॉलिशनं 'आ' काढला. तरी मागतात ती माझीच. त्यांना तीच लकी वाटते.

आप्पा म्हणजे माझे सासरे, रखमाजी. वय चौऱ्याहत्तर. त्यांचे वडील मेंढरांमागे फिरायचे. आप्पा दौंडला रेल्वेत फिटर झाले आणि निवृत्त झाल्यावर बंदूकदुरुस्तीचं दुकान टाकलं. तशी बंदुकीची विद्या त्यांनी नोकरीत असतानाच, सुट्टीच्या दिवशी एका म्हाताऱ्या उस्तादाच्या हाताखाली बसून शिकून घेतली होती. दुरुस्तीचा सरकारी परवाना काचेच्या चौकटीत घालून खंडोबाच्या फोटोशेजारी लावलाय. हार घालताना दोघांना सारख्या लांबीचा घालतात. पुढं दुकान, मागं घर आणि मधे एक पडदा. पडदा मी शिवलाय, काळा त्यांनी केलाय.

गिऱ्हाइकं बहुतेक कुरकुंभच्या कंपन्यांचे वॉचमन. "चाचा, ये अटकती है," म्हणत येतात. आप्पांचं हिंदी ऐकायला मी मुद्दाम पडद्याजवळ भाजी निवडत बसते. "अटकेगी न्हाई तर काय नाचेगी? तेल कवा दिया था इसको?" तो बिचारा बिहारचा पोरगा 'कवा' म्हणजे कव्वा समजून छपराकडे बघतो.

पण आप्पांचा जीव वॉचमनच्या बंदुकीत नाही. जीव आहे तो जुन्या एकबारी बंदुकांत. एकदा बार काढला की हातानं दुसरं काडतूस भरायचं, अशा शंभर-सव्वाशे वर्षांच्या बंदुका. त्यांचा मधला लोखंडी भाग, जिथं काडतूस बसतं आणि चापाचा सगळा कारभार चालतो, त्याला आप्पा 'ॲक्शन' म्हणतात. कारखान्यातून निघाल्यावर त्या ॲक्शनला कुणी हात लावला, काय बदललं, कशासाठी बदललं, हे ते नुसतं बघून सांगतात. बघतात तेही मुलगी बघायला गेल्यासारखे. आधी माहेर विचारायचं, मग सासर.

"हिचं म्हायेर इलायतेचं," बंदूक मांडीवर घेऊन म्हणायचे. "पण सासरी लई हाल झाल्यात बघ. हा स्क्रू हिचा न्हाई. सवतीचा हाय."

बाजेवर बसलेल्या माझ्या सासूबाई, कुशाबाई, हे सगळं ऐकत असतात. मी त्यांना आत्या म्हणते. आत्यांचं उत्तर ठरलेलं. "माझ्या म्हायेरची एवढी चौकशी कवा केली न्हाई. पन्नास वर्सं झाली तरी माझ्या भावाच्या गावाचं नाव इचारत्यात."

"भांडगाव," आप्पा म्हणाले.

"खुटबाव," आत्या म्हणाल्या.

तर त्या रविवारी आप्पांच्या मांडीवर जी बंदूक होती ती न्हावऱ्याच्या गिताबाईंची. म्हणजे त्यांच्या मालकांची, सोपानरावांची. सोपानराव दिवाळीच्या आधी वारले. बंदुकीचा परवाना एकाहत्तर सालापासून त्यांच्या नावावर, आता तो मुलाच्या, विक्रमच्या नावावर करून घ्यायचा होता. बंदूक तपासणीला गेली तेव्हा शिरूरच्या कचेरीतल्या साहेबांनी नेमकं बोट ठेवलं. या जातीच्या बंदुकीला बाहेर घोडा नसतो. आतली कमान चढलीय की नाही हे कळावं म्हणून उजव्या अंगाला एक छोटा काटा असतो, थेंबाच्या आकाराचा. या बंदुकीचा काटा डाव्या अंगाला होता आणि उजवीकडचं भोक गोल लोखंडी टिकली बसवून बुजवलेलं. साहेबांनी रीतसर पत्र दिलं: सदर फेरफार परवान्याच्या आधीचा की नंतरचा, याबद्दल जाणकाराचा लेखी अभिप्राय आणावा. परवान्याआधीचा असेल तर काही अडचण नाही. नंतरचा असेल तर परवानगीशिवाय केलेला म्हणून बंदूक जप्त, पुढं भट्टीत. शिवाय सोपानरावांच्या नावापुढं शेरा.

गुरुवारी गिताबाई विक्रमच्या मोटारसायकलवरून येऊन बंदूक आणि पत्र देऊन गेल्या, पावती घेऊन. वस्तीवर बिबट्याचं येणंजाणं, म्हणून बंदूक घरात हवी असं विक्रम सांगत होता. गिताबाई एवढंच म्हणाल्या, "बंदूक गेली तर गेली, आप्पा. पर आमच्या मालकांनी आयुष्यात कुणाचा बांध कोरला न्हाई. मेल्यावर त्यास्नी लबाड म्हणून लिवू नका." आणि लगेच, "म्हंजी खरंच असलं तर लिवा," असंही म्हणाल्या. ते ऐकून आप्पांना दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. आत्या म्हणाल्या मीठ कमी असंल.

शुक्रवारी त्यांनी पहिला शोध लावला आणि तो मला दाखवायला स्वयंपाकघरात आले. बंदुकीचा लाकडी दस्ता उजव्या अंगाला जास्त झिजलेला होता. "डावरा माणूस," आप्पा म्हणाले. मी लाटणं डाव्या खांद्याला लावून बघितलं. खरंच, गाल लाटण्याच्या उजव्या अंगाला टेकतो. आणि डाव्या हाताचं बोट चापावर ठेवलं तर ते डाव्या अंगानं येतं, म्हणजे काटाही त्याच अंगाला हवा. अंधारात चाचपता यावा म्हणून. माझी पोळी करपली, पण मला पटलं.

आप्पांनी न्हावऱ्याला फोन लावला. "गिताबाई, सोपानराव डावरे व्हते का?"

"व्हय की. जेवायला तेवढा उजवा हात, बाकी समदं डाव्यानं."

फोन ठेवला आणि आप्पांचं तोंड उतरलं. बंदूक डावऱ्यासाठी बदललेली, मालक डावरा. म्हणजे बदल मालकानंच करून घेतला असणार. तरी त्यांनी शनिवारचा दिवस भिंगाखाली घालवला. तपासाला आलेल्या बंदुकीला कानस लावायची नाही, खरवडायचं नाही, जशी आली तशी परत द्यायची, हा त्यांचा नेम. स्क्रू काढायचे आणि बघायचं. संध्याकाळी म्हणाले, टिकलीच्या कडेनं पिवळी रेघ दिसतीय. पितळेची झाळ, म्हणजे पितळ वितळवून केलेला सांधा. जुने कारागीर अशी टिकली नुसती ठोकून बसवायचे. बारीक पितळी झाळ आपल्या भागात आली ती गॅसच्या नळकांड्यांबरोबर, ऐंशीच्या पुढं. परवाना एकाहत्तरचा.

"मग लिवून टाका की जुनं हाय म्हणून," आत्या म्हणाल्या. "कोण बघतंय?"

"लोखंड बघतंय."

आत्यांनी कूस बदलली. त्यांना हे उत्तर आवडलेलं होतं. नसतं आवडलं तर त्या कूस बदलत नाहीत, उठून बसतात.

तर रविवारी सकाळी, मी टाक घासत असताना, आप्पांनी तो अभिप्राय लिहून काढला होता. दुपारी गिताबाई न्यायला येणार होत्या. बंदूक पुन्हा एकदा डोळ्याखालून घालावी म्हणून ताटली मागवली. मी ताटली ठेवली आणि परत वळताना टेबलावरच्या बंदुकीकडे नजर गेली. खिडकीचं ऊन सरळ टिकलीवर पडलं होतं. तिच्याभोवती पिवळी, चकचकीत, गुळगुळीत कड.

माझ्या डाव्या हातात अजून तिसरा टाक होता. खंडोबाचा, घोड्यावर बसलेला. त्या घोड्याच्या पायांमधे जी खाच आहे, तिथं तीच कड होती, आणि ती काही पितळेची नव्हती.

आता हे सांगायचं कसं? सासऱ्यांना तोंडावर 'तुमचं चुकलं' म्हणायची आमच्यात रीत नाही. रीत असती तरी आप्पांना लोखंडातलं काही सांगणं म्हणजे कुंभाराला मडकं कसं वाजवायचं ते सांगणं. मी मागं येऊन टाक पुन्हा चिंचेत टाकला. मनात म्हटलं, मल्हारी, आता तूच काय ते सुचव. त्यानं काही सुचवलं नाही. दुपारी गिताबाई आल्या.

विक्रम दारात मोटारसायकलपाशी थांबला. गिताबाई बाकावर बसल्या, पदर दोन्ही हातांत धरून. आप्पांनी कागद पुढं केला आणि वाचायच्या आधीच सांगितलं. "बाई, माझ्या मनासारखं निघालं न्हाई. टिकलीला पितळ हाय. परवान्याच्या नंतरचं काम दिसतंय."

गिताबाई रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "त्यांनी मला सांगितलं असतं की. म्हशीचं दूध कमी झालं तरी सांगायचे."

मी चहा घेऊन आले होते. कपबशी देता देता, जणू गावाकडच्या गप्पा मारतेय अशा आवाजात विचारलं, "गिताबाई, तुम्ही दसऱ्याला बंदूक पुजता का हो?"

"पुजतो म्हंजी? खंडेनवमीला कोयता, पाभर, ट्रॅक्टर आन् बंदूक. मालक सोता पुजायचे."

"काय लावता?"

"काय लावणार? भंडारा. तेलात कालवून, बोटानं. त्या वाटुळ्या टिकलीवर दर साली. मालक म्हणायचे, ह्यो हिचा डोळा हाय, डोळ्याला देव दिसू द्या."

आप्पांनी कप बशीवर ठेवला. ठेवताना आवाज झाला.

मी बंदुकीकडे न बघता म्हटलं, "पन्नास वर्षं झाली असतील की."

"एकाहत्तरपासनं. एक दसरा चुकला न्हाई."

बाजेवरून आत्या उठून बसल्या. उठून बसल्या म्हणजे आता काही खरं नव्हतं. "अवो," त्या आप्पांना म्हणाल्या, "तुमची चुन्याची डबी द्या हिच्याकडं."

आप्पा तंबाखू खातात, त्यांच्या बंडीच्या खिशात चुन्याची डबी कायम असते. हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे कुंकू घरी केलेल्या बाईला सांगावं लागत नाही. पितळाला चुन्यानं काही होत नाही. पण आप्पांनी डबीवर हात ठेवला. "तपासाच्या बंदुकीला काय लावायचं न्हाई."

"कानस लावायची न्हाई म्हणालात," आत्या म्हणाल्या. "चुना काय कानस हाय?"

 आप्पांनी स्वतःच डबी उघडली आणि माझ्यापुढं धरली. "तूच लाव. माझं बोट जाडं हाय."

मी करंगळीच्या टोकावर चुना घेतला, थेंबभर पाण्यात पातळ केला आणि टिकलीच्या कडेला एका जागी टेकवला. सगळे वाकून बघायला लागलो. विक्रमही आत आला. आधी काहीच झालं नाही. तेलानं घट्ट बसलेली हळद, तिला पाणी पोचायला वेळ लागला. तेवढ्या वेळात आप्पा दोनदा खाकरले. मग चुन्याच्या कडेनं लाल उमटलं, हळू, वात पेटताना पेटते तसं.

"हळद हाय," गिताबाई म्हणाल्या.

"हळदच हाय," आत्या म्हणाल्या. "पन्नास वर्सं बंदुकी बघितल्या आन् भंडारा वळखंना. दर दसऱ्याला सोता मूठ मूठ उधळतोय ह्यो माणूस. मलाच मागनं दुकान झाडावं लागतंय."

आप्पांनी भिंग काढलं, पुसलं, पुन्हा लावलं. "मला संशय व्हताच," ते म्हणाले.

मी चुन्याची डबी मिटून त्यांना परत दिली. 

मग तेल लावून, जुन्या मऊ कापडानं, लाकडाच्या काडीनं, आप्पा ती कड सोडवायला बसले. साहेबांच्या पत्राला धरून आहे का, असं विक्रमनं विचारलं, तर म्हणाले, "लोखंडाला हात लावायचा न्हाई असं हाय. हळद काय लोखंड न्हाई." नेम आपल्या बाजूला वाकवायला त्यांना पाच मिनिटं लागली. सकाळी हेच मी म्हटलं असतं तर दोन दिवस लागले असते.

सुटलेली हळद टाकायची कुठं? भंडारा तो, मोरीत कसा जाईल? गिताबाईंनी कागदावर गोळा करायला घेतली. तेलानं काळपट झालेली, चिमूटभर. त्यांनी ती आधी स्वतःच्या कपाळाला लावली, मग आत्यांच्या, मग माझ्या. विक्रम मागं सरला तर त्यालाही ओढून लावली. इंजिनाखालून निघालेल्या फिटरांसारखे दिसत होतो सगळे.

"थांबा," आप्पा म्हणाले.

टिकलीच्या खालच्या कडेला, हळद निघाली तिथं, आकडे दिसत होते. परवाना देताना कचेरीनं बंदुकीवर नंबर ठोकला होता. तो लोकांना माहीत होता, कागदावर होता. पण शेवटचे दोन आकडे भंडाऱ्याखाली गेलेले, म्हणून कुणी नीट बघितले नव्हते. शेवटचा आकडा इंग्रजी आठ. आप्पांनी मला भिंग दिलं. आठाचं वरचं गोल अर्धं टिकलीवर होतं, उरलेलं सगळं बंदुकीच्या अंगावर. रेघ कुठं तुटलेली नाही, एकाच घावात उठलेली.

मला वेळ लागला. मग कळलं. नंबर ठोकला तेव्हा टिकली तिथं होती. नंतर बसवली असती तर आठाचं डोकं कापलं गेलं असतं.

"एकाहत्तरच्या आधीचं काम," आप्पा म्हणाले. आवाज अगदी लहान झाला होता. "कुण्या तरी दुसऱ्याच डावऱ्यानं करून घेतल्यालं."

तेव्हा गिताबाईंना आठवलं. लग्न नवीन होतं. सोपानराव नगरकडच्या एका घराण्याच्या जुन्या बंदुका विकायला निघाल्यात म्हणून बघायला गेले, त्यांत चांगल्या चकचकीतही होत्या आणि आणली ही. घरात सगळे हसले. सोपानराव म्हणाले, बाकीच्या उजव्यांच्या होत्या, ही माझ्यासाठी थांबली होती.

"हे शुक्रवारी फोनवर का न्हाई सांगितलं?" आप्पा म्हणाले.

"तुमी इचारलं डावरे व्हते का. म्या सांगितलं व्हते. कुठनं आणली ते कुठं इचारलं?"

आत्यांचा चेहरा असा फुलला की मला पाणी आणायच्या निमित्तानं आत जावं लागलं. माहेर-सासर विचारणाऱ्या माणसानं यावेळी नेमकं माहेरच विचारलं नव्हतं.

बाहेर आले तेव्हा गिताबाई बंदुकीच्या दस्त्यावर, झिजलेल्या जागी, हात ठेवून बसल्या होत्या. "आप्पा, आमच्याच हळदीनं त्यांच्या नावाला डाग लागणार व्हता. पुढच्या दसऱ्याला लावू का नको?"

आप्पांनी विचार केला. या प्रश्नाला ते घाई करणार नाहीत हे मला माहीत होतं. खंडोबाचं काम होतं. "देवाला हळद लावा," ते म्हणाले. "बंदुकीला तेल. दस्त्याला एक बोट चालंल, लाकडाला. लोखंडाला नको." मग आपल्या चौकटीतल्या देवाकडे बघून, "त्यो रागवायचा न्हाई," असंही जोडलं.

पहिला अभिप्राय फाडला आणि नवा लिहायला बसले. मला वाचायला दिला, शुद्धलेखन बघायला. मुद्दे बरोबर होते: दस्त्याची झीज, काट्याची जागा, टिकली ठोकून बसवलेली, झाळ नाही, नंबराचा आठ टिकलीवरून गेलेला, सबब फेरफार परवान्यापूर्वीचा. विक्रमनं मोबाइलवर भिंगातून काढलेला आठाचा फोटो जोडायचं ठरलं. शेवटी एक ओळ होती: 'टिकलीभोवतालचा पिवळा पदार्थ पितळ नसून हळद असल्याची खात्री चुन्याने करण्यात आली.'

"कुणी केली ते लिवा की," बाजेवरून आत्या म्हणाल्या.

"सरकारी कागद हाय. त्यात घरातली माणसं घालत न्हाईत."

"मग खोटं लिवलं म्हणा. करण्यात आली म्हंजी काय, आपोआप आली?"

आप्पांनी पेन उचललं, बराच वेळ हवेत धरलं. मग 'खात्री' या शब्दाच्या आधी बारीक अक्षरात लिहिलं: 'घरातील जाणकार व्यक्तीने'.  मी हे वहीत लिहून ठेवतेय, कारण 'जाणकार' हा शब्द ते माझ्यासाठी पुन्हा वापरतील असं नाही. लग्नाला एकवीस वर्षं झाली. आजवरचा मोठा शेरा होता 'कढी बरी झाली'.

गिताबाई निघाल्या तेव्हा ऊन कललं होतं. उंबऱ्यावर थांबून त्यांनी विचारलं, "साहेब मानतील ना?"

"आठ मानतील," आप्पा म्हणाले. "मला नका मानू."

अभिप्राय आप्पा स्वतः कचेरीत पोचवणार, तोवर बंदूक आमच्याकडेच; ती त्यांनी पुन्हा जोडायला घेतली. शेवटच्या खळग्यापासून उलट. सगळे स्क्रू बसले, एकही उरला नाही, तेव्हा त्यांनी ताटली पुसून माझ्या हातात दिली. माझे तीन टाक घासायचे राहिलेच होते. ते घासून देवघरात सगळे बसवले तोवर दिवेलागण झाली.

उद्या सोमवार. आप्पा सकाळच्या पहिल्या एसटीनं शिरूरला जाणार आहेत, कचेरीत अभिप्राय द्यायला आणि त्याची पोच घ्यायला.